लघवीची जागा

उन्हाळी

मे महिन्यात मला उन्हाळी लागली, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. भोपाळचा मे, ऑफिसातला कूलर बंद पडलेला, दिवसभरात पाणी पोटात जायचं नाही. खाली आग होत होती, म्हणजे उन्हाळीच. नागपूरच्या माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला, तर तिनेही तेच सांगितलं. धणे-जिरे भिजत घाल, गाळून खडीसाखर टाकून सकाळी घे, आणि संध्याकाळी उसाचा रस, बर्फ न घालता. मी शिस्तीची बाई आहे. करायचं ठरलं की खाडा नाही. पुढचे चार महिने मी रोज सकाळी खडीसाखरेचं पाणी प्यायले आणि रोज घरी येताना अवधपुरीच्या वळणावर स्कूटर थांबवून रस प्यायले.

मी पन्नास वर्षांची आहे. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी करते. नवरा त्याच कारखान्यात इंजिनिअर, पण गेलं दीड वर्ष छत्तीसगडमधल्या साइटवर आहेत. दोन-अडीच महिन्यांनी चार-पाच दिवस घरी येतात. मुलगी मुग्धा इथेच कॉलेजात आहे. हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या दीड वर्षाच्या रिकाम्या जागेमुळे झालं. निदान मला तरी तसं वाटतं.

जूनपर्यंत आगीच्या जोडीला खाज आली. खाज हा शब्द फार किरकोळ आहे. हाताला खाज येते तेव्हा माणूस खाजवतो आणि विसरतो. ही खाज काउंटरवर उभी असताना यायची, मीटिंगमध्ये यायची, आणि करण्यासारखं काहीच नसायचं. एक पाय दुसऱ्यावर दाबून धरायचा, समोरच्याचं बोलणं ऐकतोय असं दाखवायचं, आणि मनात शंभरपर्यंत मोजायचं. जूनमध्ये हे घरी आले तेव्हा मी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. उन्हाळी लागली आहे एवढंच सांगितलं. त्यांनी जास्त विचारलं नाही. आमच्यात जास्त विचारायची पद्धत नाही.

बाकावरचा माणूस

आनंद नगरला आमचे डॉक्टर आहेत. वीस वर्षांपासूनचे. मुग्धाची सगळी इंजेक्शनं त्यांनीच दिली. माणूस चांगला, हात चांगला. दवाखाना म्हणजे एकच खोली. वेळ वाचावा म्हणून पुढचे दोन पेशंट आतच, भिंतीलगतच्या बाकावर बसवतात. त्या दिवशी बाकावर अंगठ्याला पट्टी बांधलेला एक माणूस होता. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. कान मात्र माझ्याकडे होते.

मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, पेशाब की जगह पे जलन है।"

हे वाक्य डोक्यात मराठीत तयार झालं होतं. आम्ही बायका त्या सगळ्या भागाला लघवीची जागा म्हणतो. पाळी जिथून येते तीही लघवीची जागा, मूल जिथून जन्माला येतं तीही लघवीचीच जागा. आईने मला तेच शिकवलं, मी मुग्धाला तेच शिकवलं. मी ते जसंच्या तसं हिंदीत टाकलं, आणि डॉक्टरांनी ऐकलं ते असं, की लघवीला जळजळ होते.

त्यांनी विचारलं, बार-बार जाना पड़ता है? पडत होतं. खरोखरच पडत होतं, रात्रीतून तीनदा. ताप? नाही. पाठ दुखते? नाही. पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. दोन मिनिटांत मी बाहेर.

स्टोअर्सच्या काउंटरवर कुणी येऊन म्हणालं, की मॅडम, ते गोल असतं ना, पाइपला लावतात, ते द्या, तर मी त्याला परत पाठवते. नाव लिहून आण, नंबर लिहून आण, साइज लिहून आण. चुकीचा माल गेला तर मशीन बंद पडतं. माझ्या या खाक्यामुळे लोक मला पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. आणि मी स्वतः डॉक्टरांच्या काउंटरवर जाऊन 'ती जागा' म्हणून आले.

पहिल्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटल्यासारखं झालं, मग आधीपेक्षा जास्त. दुसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. तिसऱ्यांदा लघवी तपासून घ्यायला सांगितलं. रिपोर्ट आल्यावर मी फोन केला. त्यांच्यासमोर पेशंट होता, ते घाईत होते. पस सेल किती लिहिले आहेत, एवढं त्यांनी विचारलं. मी ती ओळ शोधून वाचली. सहा ते आठ. थोडं इन्फेक्शन आहे म्हणाले, आणि आणखी जोरदार गोळ्या सांगितल्या. मी कागद पंच करून फाइलला लावला.

घरी मी माझी अक्कल चालवत होतेच. आंघोळीच्या मगात अँटिसेप्टिकचं एक झाकण, मग दोन झाकणं. जंतू आहेत तर मरतील, असा साधा हिशेब. चरचरायचं. चरचरतंय म्हणजे काम करतंय, असं मला वाटायचं.

मुग्धाने एकदा जेवताना विचारलं, "आई, तू चेअरवर अशी तिरकी का बसतेस?"

मी म्हणाले, "काही नाही. डॉक्टरांना दाखवलंय."

"कितनी बार दाखवणार आहेस?" ती म्हणाली. मी तिला भाजी वाढली.

दोघांचं किट

चौथ्यांदा गेले ते ऑगस्टच्या शेवटी. यावेळी घरून वाक्य पाठ करून गेले होते. बाकावर दोघं होते, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून. मी मान खाली घालून सांगितलं, की सफेद पानीही जातंय.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनीही मान वर केली नाही. आज मला वाटतं, ते माझ्याइतकेच अवघडले होते. वीस वर्षांत आमच्यात असलं बोलणं कधी झालं नव्हतं. माझ्या नवऱ्याला ते भाईसाहब म्हणतात, दिवाळीला आमच्याकडची चकली खातात. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि कागदाकडे बघतच म्हणाले, "भाभीजी, ये किट है। एक पत्ता आपका, एक भाईसाहब का। दोनों साथ में लीजिए, नहीं तो लौट आएगा।"

केमिस्टकडच्या पोराने खोका काउंटरवर ठेवला. आत गोळ्यांचे दोन पत्ते. एकावर बाईचं चित्र, एकावर पुरुषाचं. त्या पोराच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मी पिशवीत टाकताना खोका उलटा केला.

हे यायला नऊ दिवस होते. दोघांनी एकदम घ्यायच्या म्हणून मी थांबले. ते नऊ दिवस या आजारातले सगळ्यात वाईट. खाज होती, आग होती, चालताना घासून कातडी सोलवटली होती, पण ते नव्हे. मला राहून राहून वाटत होतं, दोघांना औषध म्हणजे दोघांचा आजार. माझ्यापर्यंत तो आला कुठून? मी ऑफिस ते घर, घर ते भाजीबाजार. मी तर कुठे गेले नाही. साइटवर कॉलनी असते, मेस असते, दीड वर्ष असतं. साइटवरून आलेल्या लोकांबद्दल स्टोअर्समध्ये पुरुष जे विनोद करतात ते मी वीस वर्षं ऐकत आले होते आणि कधी मनावर घेतले नव्हते. ते सगळे आता एकेक करून आठवायला लागले.

कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. बहिणीला सांगितलं असतं तर तिने आधी रडायला सुरुवात केली असती. मुग्धाला कसं सांगणार?

गणपतीत हे आले. दुसऱ्या दिवशी सकाळची आरती झाली, मुग्धा कॉलेजला गेली, आणि मी त्यांचा पत्ता चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"डॉक्टरांनी दोघांना दिलंय. माझ्या त्रासासाठी."

"त्रास तुला आहे. मला काय झालंय?"

"मग मला कुठून आला?"

त्यांनी पत्ता उचलला, चित्र बघितलं, परत ठेवला. "तुला काय विचारायचंय ते नीट विचार," म्हणाले.

चार महिने डॉक्टरांसमोर मला स्वतःच्या शरीराचं नाव घेता आलं नव्हतं. इथे मात्र एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"साइटवर कुणी आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्ता फाडला, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि चहाबरोबर नव्हे, उठून माठातलं पाणी घेऊन गिळल्या. मग भांडं विसळून पालथं घातलं. 

मी माझ्या घेतल्या. आणि गंमत बघा, मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी खुर्चीवर नीट बसले. औषध लागू पडलं म्हणजे माझा संशय खरा, असा त्याचा अर्थ मी लावला. हे गेले त्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले नाही. ऑफिसात काम आहे म्हणाले.

दिखाया कि बताया

अठरा दिवसांनी सगळं परत आलं.

पहिला दिवस नुसता हताश होण्यात गेला. दुसऱ्या दिवशी डोकं चालायला लागलं. किट दोघांनी घेतलं होतं. त्यानंतर त्यांनी मला हातही लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता. मग हे परत आलं कुठून? हिशेब जुळत नव्हता. न जुळणारा हिशेब तसाच सोडून देणं माझ्याच्याने होत नाही. मी सुट्टी टाकली आणि टी. टी. नगरकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेले, कारण तिथे बाई डॉक्टर बसतात एवढं मला माहीत होतं. इतके दिवस का गेले नव्हते? बायकांची डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. मुग्धा झाली, पाळी गेली, आता तिथे माझं काय काम?

दोन तास रांगेत उभी होते. बसायला जागा होती, पण मला बसवत नव्हतं.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान, केस कसेबसे बांधलेले, समोर चहा गार झालेला. मी फाइल पुढे केली आणि माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मग म्हणाले, चार वेळा दाखवून झालंय, फरक नाही.

त्या फाइल चाळत होत्या. "चार बार दिखाया कि बताया?"

मला कळलं नाही. त्यांनी विचारलं, टेबलावर झोपवून कुणी बघितलं का? नमुना घेतला का?

 आपण म्हणतो ना, डॉक्टरांना दाखवून आले. मी चार वेळा दाखवून आले होते आणि कुणी काही बघितलं नव्हतं. मीही दाखवलं नव्हतं. कुणी बघू म्हणालं असतं तर मी त्या बाकावरच्या माणसासमोरून पळून आले असते.

"जलन कहाँ है? पेशाब में, या योनि में?"

"वहीं," मी म्हणाले.

"वहीं मतलब? बोलिए। मैं लिखूँगी तो सही लिखूँगी।"

पन्नास वर्षांत तो शब्द मी मोठ्याने उच्चारला नव्हता. उच्चारला. हिरव्या पडद्याच्या पलीकडे रांग होती. तिथून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरनी जी, हमको भी वहीं है।" रांगेतल्या बायका हसल्या. डॉक्टरही हसल्या. मला हसायला आलं नाही, पण मानेवरचा ताण जरा उतरला.

टेबलावर झोपणं, पाय वर घेणं, पडदा पूर्ण न लागणं, आयाचं "ढीला छोड़ो दीदी, ढीला" म्हणणं, ते थंड लोखंड. यातलं काहीच सुखाचं नाही. माणूस टेबलावर पडला की त्याचा हुद्दा, वय, शिस्त सगळं खाली चपलांपाशी राहतं. छताकडे बघत पडून राहायचं, एवढंच हातात असतं. पण वेळ किती लागला? पाच मिनिटं. एक कागदाची पट्टी लावून रंग बघितला. कापसाच्या काडीवर नमुना घेऊन काचेवर लावला. शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघून परत आल्या.

फंगस आहे, म्हणाल्या. घट्ट दह्यासारखं, बाजूला लाल झालेलं, कातडीला भेगा. प्रत्येक वेळी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन मी जंतूंबरोबर आतले चांगले जंतूही मारले, त्यामुळे फंगसला मोकळं रान मिळालं. अँटिसेप्टिकने कातडी भाजली ती वेगळीच. किटमध्ये एक गोळी फंगसची होती, म्हणून अठरा दिवस बरे गेले.

मग त्यांनी माझ्या फाइलमधला लघवीचा रिपोर्ट उलटा करून माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पस सेलच्या सहा ओळी वर. साखर, आणि पुढे अधिकची चार चिन्हं.

"शुगर है आपको?"

नाही, मी म्हणाले. बोटाला टोचून बघितलं. तीनशे बारा.

तो कागद दोन महिने माझ्या फाइलमध्ये होता. मी स्वतः पंच करून लावला होता.

साखर जास्त असली की फंगस पुन्हा पुन्हा उगवतो. आणि मी त्याला रोज सकाळी खडीसाखर घालत होते, संध्याकाळी रस.

निघताना मी विचारलंच. नवऱ्याला औषध लागेल का? म्हणजे हे त्यांच्याकडून आलं नाही ना?

डॉक्टर लिहीत होत्या. "फंगस है, शुगर है, इतनी एंटिबायोटिक है। इसमें पति कहाँ से आ गए?"

बायकांच्या काही आजारांत नवऱ्यालाही औषध लागतं, हे त्यांनी नंतर नीट समजावलं. पण ते तपासल्यावर कळतं. न बघता दोघांना गोळ्या देऊन काहीच कळत नाही, एवढंच.

त्यानंतर

सहा दिवस आत ठेवायच्या गोळ्या, पोटात घ्यायच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, आणि साखर, रस, अँटिसेप्टिक बंद. चौथ्या दिवशी खाज थांबली. पूर्ण बरी झाले असं मी लिहिणार नाही. नोव्हेंबरात साखर वाढली तेव्हा ती परत आली होती. मी त्याच दिवशी गेले, टेबलावर झोपले, काचेवर नमुना दिला. आता मला शब्द येतो.

हे वाचणाऱ्या बायकांना सांगायचं ते इतकंच. आग, खाज, पाणी जाणं, वास येणं, यातलं काय होतंय आणि नेमकं कुठे होतंय ते नावाने सांगा. लघवी करताना जळतं की एरवीही, हे वेगळं सांगा. बाकावर कुणी बसलं असेल तर त्याला बाहेर पाठवा म्हणा. जिथे टेबल नाही तिथून उठा. रिपोर्ट स्वतः पहिल्या ओळीपासून वाचा. मुग्धाला मी तिच्या शरीराची नावं नव्याने शिकवायला बसले, तर ती म्हणाली, आई, मला आठवीपासून माहीत आहेत. मग मला का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, "तू ऐकून घेतलं असतंस?" हा प्रश्न त्या महिन्यात मला दुसऱ्यांदा विचारला गेला.

पहिल्यांदा विचारला तो ह्यांनी.

निदान झालं त्या दिवशी मी रिपोर्टचा फोटो त्यांना पाठवला होता. वर लिहिलं होतं, फंगस निघाला, तुमच्याकडून नाही. संध्याकाळी उत्तर आलं. 'शुगर किती?' मी आकडा पाठवला. 'गोड बंद कर.' बस.

दिवाळीला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीत बसून गुंतलेली दिव्यांची माळ सोडवत होते. मी जवळ जाऊन बसले. तिरकं बसावं लागत नव्हतं, नीट बसले.

"गणपतीत मी जे विचारलं ते चुकलं," मी म्हणाले.

"हं."

"पण तुम्ही तेव्हा नाही का म्हणाला नाहीत? गोळ्या का घेतल्या?"

"तू दिल्यास म्हणून." एक गाठ सुटली, त्यांनी पुढची धरली. "नाही म्हणालो असतो तर मानलं असतंस?"

हो म्हणायला काय लागत होतं? त्यांनाही तेच ऐकायचं असेल. पण चार महिने चुकीचं सांगून काय होतं ते मी बघितलं होतं.

"नसतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पिन लावून माळ पेटवून बघितली. दिवसाच्या उजेडात ती लागली की नाही ते नीट कळत नव्हतं, म्हणून एकेक दिवा ओंजळीत धरून बघत गेले. मी शेवटच्या दिव्यापर्यंत बसून राहिले.

ते आता साइटवर आहेत. रोज सात वाजता फोन येतो. आज साखर किती, विचारतात. मी आकडा सांगते. ठीक आहे, म्हणतात. मग म्हणतात, मुग्धाला दे.